पुन्हा ओळख

कूलरच्या ओल्या खसचा वास आला की सोडाला वस्तीतला आमचा विज्ञानपुस्तकांचा वाचनकट्टा आठवतो. महिन्यातून एका रविवारी सकाळी तो भरायचा, कुणीही यावं असा. एका उन्हाळ्यात मेंदूवरचं पुस्तक वाचत होतो आणि पुढचं प्रकरण नेमकं विस्मरणाचं निघालं. समोर रेल्वेतून निवृत्त झालेले काका बसले होते. त्यांना हल्ली घरचा रस्ताही आठवत नसे. मी घाईनं पानं उलटू लागले, तशा त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "गाळू नका. त्यांनाही कळू दे." मी वाचलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि काकूंकडे वळून विचारलं, "मतलब, मी तुलाही विसरेन?" काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. "विसरलात तर पुन्हा ओळख करून देईन. लग्नाच्या वेळी तरी कुठे ओळखत होता मला?" सगळ्यांत मोठ्यानं काकाच हसले. दिवाळीच्या सुमारास ते एकदा खुर्चीत बसता बसता थबकले आणि काकूंना म्हणाले, "माफ करा, आपण कोण?" काकूंनी हसून आपलं नाव सांगितलं. काका म्हणाले, "छान आहे. बसा ना इथे." आता आमच्याही घरी दोघंच उरलो आहोत, आणि तसं हसून नाव सांगणं मला जमेल का, असं कधी कधी मनात येतं.