नखाएवढं पुस्तक

चिखलीहून लोणारला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या बाई जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून नखाएवढी पुस्तकं शिवत होत्या. नातीच्या बाहुलीचं खोक्याचं घर तयार होतं, पण त्यातलं कपाट रिकामं होतं.

"पुस्तकाबिगर घरात पाय ठेवू देनार नाही म्हनते नात मले," त्या म्हणाल्या. सुई ओवताना त्या जीभ दातांत धरत आणि खड्डा आला की दोन्ही हात वर उचलत.

अशाच एका खड्ड्यात एक पुस्तक खाली पडलं आणि माझ्या चपलेखाली आलं. मी घाईघाईनं ते कपाळाला लावलं, नमस्कार केला आणि बाईंची माफी मागितली. भिंतीला धक्का लागला तरी मला अपराधी वाटतं, असा माझा स्वभाव.

"अहो भाऊ, कोरं हाय ते! पाया कोनाच्या पडून राह्यले?" त्या खळखळून हसल्या. मलाही हसू फुटलं.

पुस्तक मात्र चुरगळलं होतं, मळलं होतं. मी पुन्हा माफी मागणार, तोच त्यांनी ते निरखून पाहिलं.

"झ्याक झालं हे! सारेच नवे दिसले तर लोक म्हनतीन, या घरात कोनी वाचतच नाही."

लोणार येईपर्यंत मी आणखी काही पुस्तकं हौसेनं चुरगळून दिली आणि एकदाही माफी मागितली नाही.