सात सेकंदांचा दम

बेसबॉल मला ऑफिसमुळे कळला. ऑफिस परळला, आणि ज्यांचं काम आम्ही करतो ती मंडळी अमेरिकेत. संध्याकाळच्या मीटिंगची पहिली पाच मिनिटं ती आदल्या दिवशीच्या मॅचवर बोलतात आणि आम्ही इकडचे सगळे समजल्यासारखे हसतो. न समजता हसणं मला जमत नाही. नको तिथे नाक खुपसायची माझी सवय जुनीच. आई म्हणते, हिला पेढा दिला तर आधी खोका उलटा करून बघेल. तर मी बेसबॉलचा एक कॉम्प्युटर गेम आणला आणि रविवारी सकाळी चहा घेऊन शिकायला बसले.

नियम दोनतीन आठवड्यांत कळले. पण त्याहून मजेशीर गोष्ट निघाली ती निराळीच. फलंदाज बाकावरून उठून मैदानात चालत येतो, तेवढी दहा-अकरा सेकंदं त्याचं स्वतःचं गाणं वाजतं. प्रत्येकाचं वेगळं, ज्याचं त्याने निवडलेलं. आपल्याकडे चौकार गेल्यावर गाणं लावतात, ते सगळ्यांना मिळून एकच. इथे गड्याने अजून काही केलेलंही नसतं आणि त्याचं गाणं सुरू! मला हे फार आवडलं. शिवाय गेममध्ये आपली टीम बनवली तर गाणीही आपली घालता येत होती. मग काय, घोड्यावरच बसले.

काम तसं सोपं होतं. गाण्याचा हवा तेवढा तुकडा कापायचा, गेमच्या एका ठरावीक फोल्डरमध्ये टाकायचा आणि त्या खेळाडूच्या पानावर जाऊन तो निवडायचा. पहिल्यांदा मी गाणं सुरुवातीपासून कापलं. आपल्या गाण्यांना आधी वाजंत्रीच एवढी, की खेळाडू पोचून बॅट फिरवायला लागला तरी गायिकेने तोंड उघडलं नव्हतं. गाणी सोडून मग मी नुसते आवाज लावून बघितले. एका जाड्या फलंदाजाला आमच्या कुकरच्या शिट्ट्या दिल्या. दुसऱ्याला आमच्या टॉवरच्या लिफ्टमधली बाई, दार बंद करा म्हणून विनवणारी. तिसऱ्याला लालबागच्या बेंजो पार्टीचा तुकडा, मागच्या गणपतीत खिडकीतून टिपलेला. तो गडी मैदानात आला की मला आपोआप ताठ बसायला व्हायचं.

बाबा मागे खुर्चीत पेपर धरून बसायचे. धरून म्हणजे धरूनच. डोळे माझ्या स्क्रीनवर.

बाबा एकेकाळी गिरणगावातले नावाजलेले कबड्डीपटू. कबड्डीच्या जिवावरच त्यांना माझगावच्या गोदीत नोकरी लागली. खेळणं सुटल्यावर ते पंच झाले आणि साठी उलटेपर्यंत दरवर्षी मंडळांच्या सामन्यांत शिट्टी घेऊन उभे राहिले. गेल्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला. आठ दिवस हॉस्पिटलात काढून घरी आले ते अर्धा श्वास घेऊन. डॉक्टरांनी फुफ्फुसाचा व्यायाम सांगितला, तो ते करीनात. खाली कट्ट्यावर जाणंही बंद झालं, कारण एक वाक्य बोलताना दोनदा थांबावं लागायचं आणि तिथले जुने गडी थांबायचे ते यांच्याकडे बघतच. एकदा मला म्हणाले, "मी बाद झालो गो. बाद झालेल्याने मैदानात कशाला उभं राहायचं?" मी चिडले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

तर असे बाबा एका रविवारी मागून म्हणाले, "ह्या खेळात गडी घरातून निघतो, फिरून घरी परत येतो. बरोबर?"

"बरोबर. त्या जागेला होमच म्हणतात."

"मग मधे तोंडाने काय म्हणतो?"

"काही नाही. चिंगम चघळतो."

"आणि दम कोण धरतो?"

मी हसले, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. बाबांच्या खेळात गडी दुसऱ्याच्या हद्दीत जातो तो स्वतःचा आवाज घेऊन. एका श्वासात कबड्डी, कबड्डी म्हणत जायचं आणि श्वास तुटायच्या आत परत यायचं. तुटला की बाद. म्हणजे याच्याइतकं ज्याचं त्याचं गाणं जगात दुसरं नसेल! आणि इथे मी कुकरच्या शिट्ट्या कापत बसले होते.

मी टीममध्ये एक नवा गडी बनवला. ठेंगणा, मिशीवाला, पुढून थोडं टक्कल. बाबा म्हणाले, नाक तेवढं चुकलंय. मी म्हटलं, "याला तुमचा दम लावू या. अकरा सेकंदं लागतील."

"अकरा? मी तीस-तीस काढलेत," ते म्हणाले, आणि छातीवरून हात फिरवला.

तरी बसले. शेजारी नव्या इमारतीचं ड्रिलिंग चाललेलं, म्हणून खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, मोबाईल रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला. पहिल्यांदा चार सेकंदांत खोकला आला. दुसऱ्यांदा सहा. तिसऱ्यांदा पाच. चौथ्याला तोंड उघडून तसंच मिटलं, उठून गॅलरीत गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. आईने मला डोळ्यांनीच सांगितलं, पुरे कर.

मी पुरे केलं असतं तर बरं झालं असतं. पण सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी तिन्ही तुकडे उघडले. खोकला उडवला, मधले श्वास कापले, टोकाला टोक जोडलं. अकरा सेकंदं, एकसंध, कुठे खाच नाही. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की घरी जाताना पावशेर जिलबी घेतली.

बाबांनी डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ऐकलं. "परत लाव," म्हणाले. परत लावलं. या वेळी त्यांनी हात उचलला आणि बरोबर जोडाच्या जागी बोट खाली आणलं. "इथे." थोड्या वेळाने पुन्हा, "आणि इथे. ह्यो माझो दम न्हय."

एरवी ते आमच्याशी साधंच बोलतात. मालवणी निघते ती खरोखर लागलं की.

मी म्हटलं, "बाबा, थोडंसंच जोडलंय. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना."

चढाईत गुपचूप श्वास घेणं ही कबड्डीतली चोरी. आवाज चालू ठेवल्यासारखं दाखवायचं आणि मधेच हवा ओढायची. ते पकडायला पंच गड्याच्या मागेमागे कान देऊन फिरतो, आणि बाबांचा कान त्या बाबतीत कुप्रसिद्ध होता. एका अंतिम सामन्यात त्यांनी आपल्याच मंडळाच्या कॅप्टनला शेवटच्या चढाईत श्वास चोरला म्हणून बाद दिलं होतं. मंडळ हरलं. महिनाभर आमच्या तेव्हाच्या चाळीत कोणी त्यांच्याशी बोललं नाही, नळावर आईलाही टोमणे. हे सगळं लहानपणापासून ऐकून मला पाठ होतं, आणि तरीही मी त्याच माणसाचा दम चोरून जोडला होता.

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जिलबी तशीच राहिली. आई ताट वाढता वाढता म्हणाली, "कमी दम आहे म्हणाली असतीस तर चाललं असतं. तू त्यांना चोर केलंस गो." मला इतकी लाज वाटली की मी ताटावरून उठले. मी लॅपटॉप आणून बाबांच्या समोर ती फाईल पुसली. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि पेपर उघडला. मला वाटलं, संपलं. कट्टा गेला, आता ही रविवारची खुर्चीही गेली. आणि ती मी घालवली.

शुक्रवारी मी घरून काम करते. दुपारी चारच्या सुमाराला बाबा खोलीत आले. गंजी पायजम्यात खोचलेली, केस ओले करून विंचरलेले. "लाव तुझा मोबाईल," म्हणाले. बसले मात्र नाहीत. दोन लाद्यांच्या मधल्या रेघेवर पाऊल ठेवून गुडघ्यांत वाकले, उजवा हात पुढे काढला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे गुडघे कुरकुरले, ते मला ऐकू आलं. मग रेघ ओलांडून त्यांनी आवाज सोडला. मी त्यांना सामन्यात खेळताना कधी पाहिलं नव्हतं, माझ्या जन्माआधीच ते थांबले होते. आवाज बारीक होता, पण सरळ होता, आणि एकेक कबड्डी सुटी सुटी ऐकू येत होती. शेवटची अर्धवट राहिली. त्यांनी स्वतःच हात वर करून बाद दाखवलं आणि पलंगावर बसून धापा टाकत विचारलं, "किती?"

"सात."

"सातच घाल."

"बाबा, तो अकरा सेकंदं चालतो. पुढची चार मी प्रेक्षकांच्या टाळ्यांनी भरू का? त्या गेममध्ये आहेतच, त्यात चोरी नाही."

"नको. पुढे काय नको."

मी ती सात सेकंदांची फाईल तशीच लावली. लॅपटॉप पलंगावर त्यांच्या मांडीजवळ ठेवला, आई ओल्या हातांनी दाराशी येऊन थांबली. मिशीवाला गडी बाकावरून उठला आणि बाबांच्या आवाजात चालायला लागला. सात सेकंदांना आवाज तुटला. त्याला अजून पाचसहा पावलं जायचं होतं. गेममध्ये आवाज थांबला म्हणून कोणी शिट्टी मारत नाही, कोणी बाहेर काढत नाही. तो गप्प चालत राहिला, बॅट खांद्यावर टाकून जागेवर पोचला, पाय रोवून उभा राहिला.

बाबांकडे बघायचं मला धैर्य होईना. ते स्क्रीनकडे वाकले होते.

"दम संपला तरी पोचला गो हा," ते म्हणाले. मला रडू फुटलं. दोन दिवसांचं, वर्षभराचं, सगळं एकदम आलं, आणि मी ते आवरलं नाही. बाबांनी मला थोडा वेळ रडू दिलं, मग कोपराने ढोसलं.

"रडतेस काय? चेंडू येतोय त्याच्यावर. खेळव त्याला."