भिजलेल्या चऱ्हाटाच्या मापाचे हुक

छत्रीच्या टोकाने समोरच्या वस्तूवर टकटक करायची, ती बनवणाऱ्याकडे रोखून बघायचं आणि म्हणायचं, "ज्यानं केलंय, त्यानं आधी!" कामशेतच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचं हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा कारागीर त्या काळी आमच्या बाजारपेठेत शोधून सापडला नसता.

सुताराने पेशंटसाठी बाक केलं की आधी त्याने स्वतः त्यावर बसून दाखवायचं. कंपाउंडरने खोकल्याचं औषध ढवळलं की पहिला चमचा त्याच्या तोंडात. बिचाऱ्याला खोकला कधी झाला नाही, पण तोंड कायम कडू. तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल. समोर असताना नको वाटतं आणि चार दिवस दिसलं नाही तर चुकल्यासारखं होतं.

माझं वर्कशॉप दवाखान्याला लागून, भाताच्या गिरणीच्या मागे होतं. वर्कशॉप म्हणजे काय, एक भट्टी, एक ऐरण आणि गॅस वेल्डिंगचा सेट. बाई उंचीने बेताच्या, पण आवाज गिरणीच्या वरताण. त्यांनी "मिस्त्री!" म्हणून हाक मारली की हातातला हातोडा आपोआप खाली जायचा.

दवाखाना पुण्यातल्या एका ट्रस्टचा. ट्रस्टने लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप दिली होती. तीत बसून बाई पवनेकडच्या वाड्या-वस्त्या फिरायच्या. उन्हाळ्यात सगळं ठीक. पावसात मात्र ती जीप ओढ्याओढ्याला रुतायची. मग गावकरी बैल आणायचे, बंपरला चऱ्हाट बांधायचे आणि "हाऽऽ" करून ओढायचे. बंपरलाच का, तर दिसायला तोच सगळ्यात दणकट. एका पावसात बैलांनी असा काही जोर केला की बैल, चऱ्हाट आणि बंपर बांधावर, अन् जीप ओढ्यात जागच्या जागी. ऐकणारे पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. पलीकडच्या वाडीत एक बाळंतीण अडली होती आणि बाई गुडघाभर चिखलातून चालत पोचल्या तोवर मूल गेलं होतं.

ट्रस्टची मंडळी लोणावळ्याला हवा खायला जाताना दवाखान्यात डोकावत. त्यांनी मोडका बंपर पाहिला आणि निकाल दिला, पावसाळाभर जीप शेडमध्ये राहील. पुन्हा बाहेर काढून मोडली तर कायमची पुण्याला परत.

"बरं," बाई म्हणाल्या. "वाड्यांवर निरोप देते, पावसाळ्यात कुणी आजारी पडू नका म्हणून."

"हो हो, जरूर द्या," ट्रस्टी म्हणाले आणि गाडीत बसले. बोलणं टोचलंच नाही त्यांना! बाईंचा तो दिवसभराचा राग आम्हा शेजाऱ्यांनी झेलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वर्कशॉपात हजर. "मिस्त्री, गाडी ओढली तर मोडणार नाही अशी जागा तिच्या अंगावर कुठं आहे?"

मी गाडीखाली शिरून दाखवलं. बंपर नुसता अडकवलेला असतो, खरी ताकद चासीत, खालच्या लोखंडी सांगाड्यात. तिच्या दोन्ही बाजूंना जाड गजाचे हुक आरपार बोल्टने कसले तर हत्ती लावले तरी निघणार नाहीत.

"मग पुढं दोन आणि मागं दोन लावा."

"मागं कशाला? गाडीला पुढंच जायचं असतं ना?"

"रुतली की पुढं चिखलच असतो. कोरडी जागा मागं. बैल कुठं उभे राहणार?"

ते खरं होतं. मी भट्टी पेटवली, गज तापवून वाकवला आणि पहिला हुक केला. लॉरीची साखळी त्यात झकास बसत होती. बाईंनी छत्रीने टकटक केली. म्हणाल्या, "साखळी कुणाकडं आहे वाडीत?" आणि पिशवीतून चऱ्हाट काढलं. कुठल्याशा आबांच्या गोठ्यातून मागून आणलेलं, मनगटाएवढं जाड. ते कसंबसं हुकात गेलं. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ते चऱ्हाट माझ्या पाण्याच्या पिंपात बुडवलं आणि दवाखान्यात निघून गेल्या. दुपारी येऊन पाहतो तर भिजून असं फुगलेलं, की हुकाच्या तोंडाशीच अडून बसलं.

"पावसात ते कोरडं असेल का?" बाईंनी विचारलं.

मी चडफडत चारही हुक भिजल्या चऱ्हाटाच्या मापाने नव्याने केले. कडा दोराला कापतील म्हणून त्या कानस मारून गुळगुळीत केल्या. हे मात्र माझं मला सुचलं, बाईंनी सांगितलं नव्हतं. शेवटचा बोल्ट कसला आणि छत्री हुकावर वाजली. "ज्यानं केलंय, त्यानं आधी!"

म्हणजे मी जीपमध्ये बसायचं होतं. ट्रस्टने कोंडलेल्या गाडीत, भर पावसात! ड्रायव्हर कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, नोकरी जाईल माझी." बाई म्हणाल्या, "गाडी मोडली तर. मोडली नाही तर कुणाची जाते?"

लावणीचे दिवस होते. एका वाडीवरून माणूस धावत आला. बायको अडली होती, पहिलटकरीण. आम्ही निघालो. त्याच ओढ्याशी जीप त्याच जागी बसली. मागची दोन्ही चाकं गिरगिरली आणि गाडी पोटावर टेकली. पण शेतांत चिखलणी चालू होती, त्यामुळे बैल जुंपलेलेच होते. शेतकऱ्यांनी दोन जोड्या मागच्या हुकांना लावल्या. मी खाली उतरायला पाय काढला तर बाईंनी दंडाला धरलं.

"बसा. तुमचं वजन काढून परीक्षा कसली?"

चऱ्हाट ताणलं, करकरलं. मी डोळे मिटले. खरं सांगतो, देवापेक्षा जास्त मी माझे बोल्ट आठवले. एक हिसका बसला आणि जीप मागे कोरड्यात आली. हुक तसूभर हलला नव्हता. वरच्या उथळ जागेने आम्ही ओढा ओलांडला आणि वेळेत पोचलो. मुलगी झाली. आईही सुखरूप राहिली.

त्यानंतर ट्रस्टची मंडळी आली तेव्हा बाईंनी त्यांना हुक दाखवले, सगळी हकिकत सांगितली आणि वर तेच, "आता पुढच्या फेरीला तुम्ही बसता का?" मंडळींना लोणावळ्याला पोचायची घाई होती. पावसाळी फेरी चालू राहिली.

आणि दर वर्षीच्या पहिल्या पावसाळी फेरीला मी जीपमध्ये मागे बसलेला. कामं पडलेली असायची, गिऱ्हाईक बोंब मारायचं, पण सुटका नाही. हळूहळू ती फेरी मला आवडायला लागली, हेही सांगून टाकतो.

अशाच एका फेरीत बाई वाडीतच कोसळल्या. अंगात ताप चार दिवसांचा, कुणाला सांगितला नव्हता. आम्ही त्यांना जीपमध्ये निजवलं. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं तर पुढून एक आबा बैलजोडी घेऊन आले आणि पुढच्या हुकांना चऱ्हाट लावू लागले.

"आबा, गाडी कुठं रुतलीय अजून?" ड्रायव्हर म्हणाला.

"रुतायची वाट बघायची व्हय? बाई हैत आत. तू चालू ठेव तुजं, आमी वडतो."

इंजिन चालू आणि पुढे बैल, अशी ती जीप निघाली. शिवेवर पुढच्या गावची जोडी उभी होती. ती जुंपली, पहिली सोडली. पुढच्या शिवेवर पुन्हा तेच. निरोप कुणी कसा पोचवला कोण जाणे. लावणी टाकून माणसं बांधावर उभी होती. एक मावशी पदराने डोळे पुसत जीपबरोबर चालत होती. ओढ्यात गाडी एकदाही थांबली नाही.

बाईंनी डोळे उघडले. "मिस्त्री, तुम्ही आहात ना गाडीत?"

"आहे, बाई."

"मग झालं," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

डांबरी रस्त्याला लागल्यावर बैल सोडायचे होते, पण फुगलेली गाठ सुटेना. कोयत्याने चऱ्हाट कापावं लागलं. बाईंना पुण्याच्या इस्पितळात नेलं. त्या परत आल्या नाहीत. बातमी आली त्या दिवशी मी भट्टी पेटवली नाही. कंपाउंडर माझ्याकडे येऊन बसला आणि आम्ही दोघे रडलो.

पुढच्या पावसाळ्यात नवी नर्स आली. शिकलेली, शांत मुलगी. पहिल्या फेरीच्या सकाळी जीप बाहेर उभी होती. पुढच्या हुकात ती कापलेली गाठ तशीच होती, वाळून लाकडासारखी झालेली. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी हातातलं काम ठेवलं आणि मागे जाऊन बसलो.

नवी बाई वळून म्हणाल्या, "हे कोण? आणि हे कशाला येतात?"

ड्रायव्हरने गिअर टाकला आणि समोर बघतच म्हणाला, "ज्यानं केलंय, त्यानं आधी."