देलमिराचा कोरडा नळ

देलमिरा लेदेस्मानं कोर्दोबातल्या आमच्या नाचाच्या क्लबात बायकांचं संडास एकोणीस वर्षं सांभाळलं. मी तिथंच बारवर होतो. तिची पद्धत साधी. कमरेत वाकून दारांखालून बूट बघायचे आणि एका दाराआड दोन जोड्या दिसल्या की झाडूचा दांडा दारावर. "बाहेर या गं भवान्यांनो! पुडी उघडलीत तर तिच्यासकट भांड्यात बुडवीन!" पोरी शिव्या देत निघायच्या आणि पुढच्या शुक्रवारी तिच्याच स्टुलावर बसून, तिचा माते, म्हणजे पाल्याचा कडू चहा, पीत रडायच्या. मावशी म्हणायच्या तिला. कितीजणींनी तिच्यासमोर नशेच्या गोळ्या संडासात टाकल्या!

मग महापालिकेची नशाविरोधी मोहीम आली. मालक गान्दोल्फोनं दारात माणसाएवढा फलक लावला, 'नशेला नाही म्हणा'. त्याच आठवड्यात त्यानं संडासातल्या नळांचं पाणी तोडलं, बारवरच्या पाण्याच्या बाटल्या खपाव्यात म्हणून. वर देलमिराला दम दिला, "गिऱ्हाइकांची दारं ठोकायची नाहीत." दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे.

त्याच शुक्रवारी हास्मीन नावाची अठरा वर्षांची पोर गोळी गिळून संडासाच्या दाराबाहेर आली. अंग भट्टीसारखं तापलेलं. देलमिरानं नळ फिरवला, थेंब नाही. ती धावत बारवर माझ्याकडे आली.

"पाणी दे!"

"आधी तिकीट," मी गाढवासारखा म्हणालो. आमच्याकडे पैसे खिडकीवर भरायचे, तिकिटाशिवाय बाटली द्यायची नाही.

तिनं माझ्या कानाखाली वाजवली. "तुझी बहीण असती तर?" बाटली ओढून पळाली. ॲम्ब्युलन्स आली. हास्मीन वाचली, पण चार दिवस बेशुद्ध होती.

सोमवारी देलमिराला काढलं. तिच्या संडासात नशा झाली म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

महिन्याभरानं पालिकेत गान्दोल्फोचा सत्कार झाला, मोहिमेला साथ दिल्याबद्दल. आम्हा नोकरांना टाळ्या वाजवायला बसवलं होतं. देलमिरा न बोलावता आली. पिशवीतून नळ काढून तिनं त्याच्या प्रशस्तिपत्रावर आपटला.

"एकोणीस वर्षं पुसला हा. जाताना काढून नेला. तू तोडलंस ना पाणी? सांग सगळ्यांना!"

"म्हातारीला वेड लागलंय," गान्दोल्फो हसला. "क्लबात पाणी भरपूर आहे. विचारा की ह्याला."

त्याचं बोट माझ्याकडे. खरं बोललो तर नोकरी गेलीच, हे मला कळलं. मी उठलो.

"पाणी होतं," मी म्हणालो. "बाटलीत. ती पोर भाजत होती आणि मी तिकीट मागितलं. ह्यानं तसंच सांगून ठेवलं होतं."

देलमिरानं नळ पुन्हा पिशवीत टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"उशीर केलास, मेल्या," ती म्हणाली.