पिवळा बारा नंबर

आमच्या संघात त्याला सगळे 'बारा' म्हणायचे. पाठीवर बारा नंबर, म्हणून बारा. त्यावरून काय काय विनोद व्हायचे ते सांगायला नकोच. तो जेवायला आला की कुणीतरी विचारणारच, "काय रे, बारा वाजले का?" तो हसायचा. हसण्यावारी नेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

मी त्या संघाचा किटमन. म्हणजे देशाच्या फुटबॉल संघाचे कपडे धुणारा, वाळवणारा, घड्या घालणारा, पाठीवर नंबर चिकटवणारा आणि शिव्या खाणारा. अठ्ठावीस वर्षं हेच केलं. सामना जिंकला तर कोच हुशार, आणि एक मोजा कमी पडला की सगळे माझ्या नावाने शंख करणार. मीही काही गरीब गाय नव्हतो, दोन ऐकून चार सुनवायचो.

बारा माझा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा. एकदा फाटलेले हातमोजे शिवून घ्यायला तो माझ्या घरी आला. मी कामात होतो, म्हणून बहिणीने शिवून दिले. तेव्हापासून त्याचे हातमोजे दर आठवड्याला फाटायला लागले. मला भानगड कळायला वर्ष लागलं, आईला दुसऱ्याच खेपेला कळली. लग्नानंतर घरात तो 'भावोजी' झाला आणि मला 'अहो-जाहो' करणं आलं. मैदानावर मात्र "ए बारा, मोजे उलटे टाकू नकोस" हे चालूच राहिलं. इथे मी त्याला 'तो'च म्हणतो, कारण डोळ्यांसमोर येतो तो मैदानावरचाच.

क्लबात तो राजा होता. अकरा वर्षं एकाच क्लबात, एक नंबरचा शर्ट, तीनशेच्या वर सामने. एका मोसमात त्याने सात पेनल्टी अडवल्या. तो गोलात उभा राहिला की मागच्या पायऱ्यांवरची माणसं पाय आपटायची, आणि त्या आवाजाने बाकाजवळच्या पाण्याच्या बाटल्या थरथरायच्या. पेनल्टीच्या वेळी तो मारणाऱ्याच्या पायाकडे बघायचा नाही, खांद्याकडे बघायचा. "पाय खोटं बोलतात, दादा," मला म्हणायचा, "खांद्याला खोटं बोलता येत नाही."

पण देशाच्या संघात त्याच्या पुढे दुसरा एक होता, एक नंबर. कपाटासारखा माणूस. त्याला कधी ताप आला नाही, स्नायू दुखावला नाही, साधी शिंक आली नाही. मी देवाला मानतो, त्यामुळे कुणाचं वाईट चिंतणार नाही, पण वर्षातून एकदा तरी पडसं व्हायला काय हरकत होती? तो खेळत राहिला आणि बारा बाकावर बसून राहिला. दर वेळी निवडीचं पत्र यायचं, दर वेळी तो बॅग भरून यायचा, दोन तास कसून सराव करायचा आणि सामन्याला जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून बसायचा. असे त्रेचाळीस सामने झाले.

आमच्याकडे नियम सरळ होता. संघात निवड झाली म्हणजे खेळला असं नाही. सामना चालू असताना पाय रेघेच्या आत पडला पाहिजे, मग एका मिनिटासाठी का होईना. तसं झालं की महासंघाच्या वहीत नाव चढतं, नावापुढे क्रमांक पडतो, आणि समारंभात टोपी मिळते. ती टोपी डोक्यावर कुणी घालत नाही, काचेच्या पेटीत ठेवतात. बारा म्हणायचा, "दादा, खेळणाऱ्याला टोपी देतात आणि बसणाऱ्याला टोपी घालतात." हे तो इतक्या वेळा म्हणाला होता की शेवटी शेवटी कुणी हसत नसे.

बहीण प्रत्येक सामना टीव्हीवर पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघायची. दाराला कडी, गॅस बंद, शेजारीण आली तरी उघडायची नाही. मी म्हणायचो, "अगं, बाक कुणी दाखवतही नाही. कशाला डोळे फोडून घेतेस?" ती म्हणायची, "तू गप रे दादा. आज उतरणार आहेत ते." लोक विचारायचे, "तुमचे मिस्टर देशाकडून खेळले का हो?" तर ती म्हणायची, "खेळणार आहेत." त्याला कुणी हेच विचारलं तर तो म्हणायचा, "संघात आहे." एका प्रश्नाची नवरा-बायकोची दोन उत्तरं.

तो चौतिसाव्या वर्षात असताना आम्ही एका मैत्रीच्या सामन्यासाठी परदेशी गेलो. दोन्ही संघांचे कपड्यांचे रंग निघायच्या आधीच पत्राने ठरतात. यजमान हिरव्यात खेळणार होते, म्हणून आमच्या गोलकीपरने पिवळं घालायचं ठरलं. गोलकीपरचा रंग सगळ्यांपेक्षा वेगळा लागतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

एक नंबरचे पिवळे शर्ट दोन होते, एक घालायचा आणि एक मध्यंतरात बदलायचा. बाराचा पिवळा नव्हता. म्हणजे मी छापलाच नव्हता. निघायच्या आधी नंबर चिकटवायला बसलो तेव्हा काळ्या रंगातला दोनचा आकडा संपला होता. दुकान समोरच होतं, रस्ता ओलांडायचा अवकाश. पण बाहेर ऊन मी म्हणत होतं, पेट्या अर्ध्याच भरल्या होत्या, आणि माझ्या मनात आलं की बारा तर बसणार. जाकिटाच्या आत हिरवा आहे की पिवळा, कोण बघतंय! त्याचा जुना हिरवा शर्ट पेटीत टाकला आणि पेटी बंद केली. सामन्याच्या सकाळी तोच त्याच्या खुंटीवर लावला. माझा सख्खा मेहुणा, आणि माझ्याच मनात हे आलं.

आम्ही सहज जिंकत होतो. ऐंशी मिनिटं होऊन गेली तेव्हा तीन-शून्य होतं. मैत्रीच्या सामन्यात सहा बदल चालतात, आमचे चारच झाले होते. कोच मागे वळला आणि म्हणाला, "बारा, ऊठ. गरम हो. जायचंय."

बाकावरचे सगळे उठले, अगदी मालिशवालासुद्धा. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी डोक्यावर टपली मारली. बाराने जाकिटाची चेन खाली ओढली आणि आतून हिरवा शर्ट दिसला.

रेघेवर उभ्या असलेल्या चौथ्या पंचाने एकदा त्याच्याकडे आणि एकदा मैदानावरच्या हिरव्या संघाकडे बघितलं. मान हलवली. आमच्या कोचने आवाज चढवला. पंच म्हणाला, "मैदानावरच्या गोलकीपरच्या रंगाचा शर्ट आणि संघाच्या यादीत लिहिलेला नंबर. दोन्ही आणा, मी अडवत नाही." त्याचं काही चुकलं नव्हतं.

मी धावलो. माझं वय तेव्हा पन्नास, गुडघे साठीचे. बोगद्यातून ड्रेसिंग रूमपर्यंत पोचलो, एक नंबरचा जादा पिवळा शर्ट पेटीतून उपसला, बाकावर पालथा घातला. मालिशवाल्याच्या पेटीतली काळी चिकटपट्टी दातांनी तोडून एकच्या शेजारी दोनचा आकडा काढायला घेतला. पहिली पट्टी माझ्याच बोटांना चिकटली. दोन काय, बदकासारखं काहीतरी झालं. पण लांबून बारा वाचता येत होतं. तसाच उलट धावलो.

एकोणनव्वदावं मिनिट चालू होतं. बाराने शर्ट घातला, पंचाने मान डोलावली, पाटीवर आकडे लागले. आता फक्त चेंडू एकदा बाहेर जायला हवा होता. खेळ थांबल्याशिवाय बदल होत नाही.

एरवी चेंडू मिनिटाला दोनदा बाहेर जातो. त्या दिवशी यजमान हरून कंटाळले होते. त्यांनी चेंडू आपल्याच अर्ध्यात ठेवला, ह्याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून पुन्हा ह्याच्याकडे. आमची पोरं जीव तोडून पळत होती, पण त्यांना चेंडूला पाय लावता येत नव्हता. आमचा एक नंबर गोलातून ओरडत होता, "माझ्याकडे येऊ द्या, मी बाहेर मारतो!" त्या कपाटाला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चेंडू त्याच्याकडे आलाच नाही. बारा रेघेला बुटाचं टोक लावून उभा होता. मग रेफरीने घड्याळ बघितलं आणि शिट्टी फुंकली.

तो आत गेला तो हस्तांदोलनासाठी. सगळ्यांशी हात मिळवले, रेफरीशीसुद्धा. कोच माझ्यावर असा ओरडला की स्टेडियमभर ऐकू गेलं असेल. मी तिथल्या तिथे खोटं बोललो. म्हणालो, "हॉटेलच्या लॉन्ड्रीत नंबर सुटला. सकाळी कळलं, मग हिरवा दिला." ज्याला मी कधी बघितलंही नाही अशा माणसाच्या माथी मारून मोकळा झालो.

बहिणीचा फोन आला तेव्हा मी पेट्या भरत होतो. "दादा, टीव्हीवर दिसले रे ते!" ती रडत होती आणि हसतही होती. "पुढच्या वेळी नक्की." मी तिलाही लॉन्ड्रीचंच सांगितलं.

पुढची वेळ आली नाही. त्या उन्हाळ्यात विशीतला एक गोलकीपर उगवला आणि बारा नंबर त्याला गेला. निवडीची पत्रं बंद झाली. दोन वर्षांत गुडघ्याने दगा दिला, क्लबाने एक पत्र आणि एक घड्याळ देऊन निरोप दिला. तीनशे सामने खेळलेला माणूस एका क्रीडा संकुलाच्या काउंटरवर बसून लोकांना लॉकरच्या किल्ल्या द्यायला लागला. तिथेही जुने लोक विचारायचे, "देशाकडून खेळलात ना तुम्ही?" तो म्हणायचा, "संघात होतो." मी कधी शेजारी असलो तर बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचो.

नऊ वर्षं मी ते पोटात ठेवलं. गेल्या महिन्यात त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेलो. बहीण खाली औषधं आणायला गेली होती. खोलीत आम्ही दोघंच, त्याचा पाय उशीवर आणि खिडकीतून ऊन आलेलं. मीही नुकताच कामावरून निवृत्त झालो होतो. लपवायला आता नोकरीचं कारणही उरलं नव्हतं.

"भावोजी," मी म्हणालो, "तो नंबर लॉन्ड्रीत सुटला नव्हता. मी छापलाच नव्हता. मला वाटलं, तुम्ही काही खेळणार नाही."

मला वाटलं होतं, तो ओरडेल. ओरडायला हवा होता. मी त्यासाठी घरून तयारी करून गेलो होतो.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "सकाळी खुंटीवर हिरवा दिसला तेव्हाच कळलं. तुमचा नंबर कधी धुण्यात सुटत नाही, दादा."

"सकाळीच? मग तेव्हाच बोलला का नाहीत? पाच तास होते हातात! मी अख्खं शहर पालथं घालून छापून आणला असता!" माझाच आवाज चढला. खरं सांगतो, मला त्याचा संताप आला.

तो चादरीची कड दुमडायला लागला. "बोलणार होतो. शर्ट हातात घेऊन तुमच्याकडे यायला निघालोही होतो. दारात थांबलो. म्हटलं, त्रेचाळीस वेळा बसलोय, आजही बसायचंच आहे, कशाला त्यांना पळवायचं. आणि घातला." मग म्हणाला, "तुमच्यावर मी कधीच चिडलो नाही. तुम्हाला वाटलं, ते एक वेळ ठीक. मला कसं वाटलं, हे मात्र अजून कळत नाही मला. एवढी वर्षं सराव केला, आणि त्या सकाळी माझाच माझ्यावर विश्वास नव्हता."

मी त्याचा हात धरला. इतकी वर्षं त्याचे हातमोजे धुतले होते, हात कधी धरला नव्हता. मला रडू आवरेना, आणि तो माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत राहिला.

तेवढ्यात दार ढकलून बहीण आली. औषधांची पिशवी हातात, आणि चेहरा फुललेला. "अहो, ऐकलंत का? त्या औषधवाल्याने तुमचं नाव वाचून ओळखलं! म्हणाला, पायऱ्यांवर बसून बघायचो मी त्यांना. मग विचारतो कसा, देशाकडून का नाही खेळले? मी दिलं सांगून सगळं. म्हटलं, ते तर रेघेवर उभे होते, पण त्या लॉन्ड्रीवाल्याने घात केला, नाहीतर खेळलेच असते." तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि त्याच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. "खेळलाच असतात ना हो?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"हो," तो म्हणाला.