हात शिवशिवतात

माझ्या वहिनीला स्वस्थ बसणं म्हणून माहीत नाही. कुणाकडे गेली की आधी भिंतीवरचा वाकडा फोटो सरळ करणार, मग "कसे आहात?" विचारणार. "अगं, ते त्यांचं घर आहे!" मी दटावते. "पण फोटो वाकडा होता ना," ती म्हणते. आता या बाईशी वाद कोण घालणार!

काम तिचं डिझाइनचं. साबणाची वेष्टनं, औषधांची खोकी, डब्यांवरची लेबलं. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत कॉम्प्युटर, भोवती रंगांच्या पट्ट्या, आणि मधोमध ही, एकच रेघ केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसलेली. छपाईला गेलेलं कामसुद्धा परत मागवते. तिचा फोन आला की छापखानेवाला "आता काय राहिलं?" असंच विचारतो. दादा म्हणतो, "मी आधीच छापून आलो होतो, म्हणून वाचलो."

मग तिची झोपच उडाली. औषधं झाली, काढे झाले. शेवटी शेजारच्या नर्सबाई तिला रविवारच्या बैठकीला घेऊन गेल्या. शिंप्याच्या दुकानावरची खोली, दहा-बारा माणसं, तासभर डोळे मिटून गप्प बसायचं. ना प्रवचन, ना भजन. घरी कुणी गप्प बसू देत नाही म्हणून हे लोक इथं येतात, असं माझं मत. तरी मीही गेले. बघते तर सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि वहिनी टक्क डोळ्यांनी समोरच्या भिंतीचे पोपडे बघतेय!

उठता उठता म्हणालीच, "ही भिंत आपण रंगवूया. सगळ्यांनी मिळून."

आणि रंगवली की! खोलीत कधी नव्हे ती बडबड सुरू झाली. शिंपीकाकांनी भिंतीवर कात्री काढली, नर्सबाईंनी खिडकी. निवृत्त बसचालक होते, त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्यात बघून बघून एक पक्षी काढला. एक पंख लांबलचक, दुसरा आखूड, मान अवघडलेली. वहिनी गोड हसली. तिच्या त्या हसण्याची मला धास्तीच वाटते.

आठवड्यात तिनं शिंपीकाकांकडून किल्ली घेतली आणि एकटीनं सगळं 'नीट' केलं. खिडकी काटकोनात आली. पक्षी तर असा देखणा झाला की कॅलेंडरवर छापावा.

रविवारी ड्रायव्हरकाका भिंतीसमोर उभे राहिले. "छान झालाय," म्हणाले, आणि न बसताच जिना उतरून गेले.

नर्सबाईंनी वहिनीला बाजूला घेतलं. "तो पक्षी त्यांच्या बायकोचा होता. तिचं उजवं अंग गेलंय. डाव्या हातानं कागदावर काढला तिनं, यांनी तो जसाच्या तसा भिंतीवर उतरवला. पुढच्या रविवारी तिला तो दाखवायला आणणार आहेत."

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. काकांचा कागद खोलीच्या खिडकीतच राहिला होता. तो समोर धरून तिनं पक्षी पुन्हा काढला, तर रेघ आपोआप सुबक होऊ लागली. डाव्या हातानं काढून पाहिला, तर कुणाची नक्कल करून चिडवल्यासारखा दिसला. पुसला, काढला, पुसला. शेवटी तेवढी जागा खरवडून पांढरी करून टाकली आणि घरी येऊन ढसाढसा रडली. "आता काय करू गं मी?"

माझं डोकं फिरलं. "काहीही करू नकोस! तेवढं एक तरी जमतंय का बघ!"

रविवारी बैठकीतल्या दोघांनी खुर्ची उचलून ड्रायव्हरकाकांच्या बायकोला, काकूंना, वर आणलं. त्यांची नजर भिंतभर पक्षी शोधत फिरली. मला तर तिथं उभं राहवेना. वहिनी त्यांच्या पायाशी बसली. "काकू, तुमचा पक्षी मी घालवला. चांगला करायला गेले होते."

काकूंना बोलणं जड जायचं. त्यांनी डावा हात पुढे केला. वहिनीनं त्यात ब्रश दिला, खुर्ची भिंतीला लावली.

ब्रश घसरत होता, रंग ओघळत होता. वहिनी खाली बसली होती, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून. एक पंख झाला. दुसरा अर्ध्यावर आला आणि काकूंचा हात खाली पडला.

वहिनी उठलीच. "काकू, हात धरू का?"

काकूंनी मान हलवली. "पुरे," म्हणाल्या. स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ड्रायव्हरकाकांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

तो दीड पंखाचा पक्षी अजून तसाच आहे. वहिनी बरोबर त्याच्यासमोर बसते, डोळे उघडे ठेवून. झोप अजून धड येत नाही, छापखानेवाल्याचा छळही चालूच आहे. परवा मी खवचटपणे विचारलं, "मग, मिळाली का शांती?"

"कसली शांती! त्याला बघितलं की हात नुसते शिवशिवतात."

"मग काय करतेस?"

"काय करणार," वहिनी म्हणाली. "त्यांच्यावर बसते."