बायांच्या बाजूचा घाट

शालिकराम पहाटे साडेतीनला उठायचा. कॅम्पचा चौकीदार रुळाच्या तुकड्यावर तीनचे टोले देई. त्यानंतर एक चिलीम ओढण्याइतका वेळ गेला की शालिकरामचं तट्ट्याचं दार वाजे. प्लांटची पाळी सातला असे. मधला वेळ लोकांचा, असं त्यानं ठरवलं होतं. त्यानंतर आठ तास फावडं होतंच.

ही गोष्ट सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची. भिलाईत पोलादाच्या प्लांटची जमीन सपाट करायचं काम चालू होतं. भंडारा-गोंदियाकडची आमची शंभरावर घरं जुनवानी गावाच्या वाटेवर कॅम्पात राहत होती. त्या वर्षी गावच्या पंचायतीत कॅम्पचा एक वॉर्ड धरला आणि हात वर करून आम्ही शालिकरामला पंच निवडलं. त्याला भाषण येत नव्हतं. आम्ही त्याला निवडलं ते त्याची गोदी पाहून. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खड्डा म्हणजे एक गोदी. आमची मजुरी त्यावर ठरे. शालिकरामच्या गोदीचे कोपरे कोणीही ओळंबा लावून पाहावेत, असे असत. असा माणूस खोटं बोलणार नाही, एवढाच आमचा विचार होता.

पहिली सभा मोहाच्या झाडाखाली झाली. केवलरामला भजनासाठी टिनाची शेड पाहिजे होती. कोणाला रॉकेलचं दुकान, कोणाला शाळा. तासभर नुसता आवाज झाला. बाया मागं बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही.

"पानी कोन आनते?" शालिकरामनं विचारलं.

"बाया आनतेत, आनखी कोन?" केवलराम म्हणाला.

"मंग पान्याचं मत बायांचं. आपन हात खाली ठेवू."

गयाबाई नावाची एक साठीची विधवा होती. ती जागेवरूनच म्हणाली, "सकाळी एक कोस नाल्यावर जा, सांजेले आनखी एक कोस जा. अन् यायले शेड पायजे! भजन म्हनून म्हनून घसा कोरडा पडन तवा कोनाले पानी मांगसान, केवलराम?"

लोक हसले. बायांचे सगळे हात वर गेले. तलावाचं ठरलं.

ब्लॉक ऑफिसची अट अशी होती : खोदाई लोकांनी फुकट करायची. ज्या बाजूची खोदाई मोजमापात भरेल, त्या बाजूच्या घाटाला दगड आणि सिमेंट सरकार देईल. चार बाजू होत्या. एक गावची, एक कॅम्पच्या पुरुषांची, एक गुरांची आणि एक बायांची. बायांची बाजू कॅम्पकडे होती. तिथं चिकणमाती होती आणि उतार उभा होता. पायऱ्यांची खरी गरज तिथंच होती.

त्या जागी आधी उंचसखल डबरं होतं. किती खोदलं हे नंतर कळावं म्हणून अशा कामात मधे मातीचा एक खांब न खोदता सोडतात. त्याच्या डोक्यावर जुनं गवत तसंच राहतं. मोजणारा गवतापासून तळापर्यंत टेप सोडतो. आम्ही त्या खांबाला साक्षी म्हणायचो. प्रत्येक बाजूला एक, अशा चार साक्षी आम्ही ठेवल्या होत्या.

पौषापासून खोदाई चालली. शालिकराम रोज पहाटे घरोघर तट्ट्या वाजवी. जे येत ते येत. रविवारी चाळीस माणसं, एरवी दहा-बारा. त्याची बायको मैनाबाई माती वाहायची. एका पहाटे तिच्या चाळीस-पन्नास टोपल्या होत. बायांच्या बाजूला छत्तीस गोदी निघाल्या. सगळ्यात जास्त तिथंच निघाल्या.

फाल्गुनात एका सकाळी शालिकरामला बायांच्या बाजूची साक्षी उंच वाटली. वर चढून पाहिलं तर गवताचं ढेकूळ आणून बेमालूम बसवलेलं. ठेकेदाराच्या कामावर आम्ही सगळेच असं करत होतो. पोट होतं.

"कोनं केलं हे?"

"म्या," धोंडबा म्हणाला. "अर्धा फूट वाढला, भाऊ. दगड दोन जास्त भेटन. तुमी का कधी केलं नाही?"

"केलं. ठेकेदाराच्या कामावर केलं. हा आपला तलाव होय. हे अर्धा फूट पानी तुही बायको कुठून भरन?"

धोंडबा हसला. शालिकरामला ते हसणं लागलं. त्यानं कुदळ उचलली आणि साक्षीलाच घातली. तीन घावांत खांब खाली आला. आम्ही उभे होतो. आम्हाला ते बरंच वाटलं. आपल्या कामाला साक्षी कशाला, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. मीच म्हणालो असेन.

चार दिवसांनी ब्लॉक ऑफिसचे देवराव ओव्हरसियर मोजायला आले. नागपूरचे होते. माणूस वाईट नव्हता. तीन बाजू मोजल्या, लिहिल्या. चौथ्या बाजूला थांबले.

"इथली साक्षी?"

"तोडली, सायेब."

"कोणी?"

"म्या."

शालिकरामनं ढेकळाचं सांगितलं. ढेकूळ कोणाचं ते सांगितलं नाही. धोंडबा मागंच उभा होता. देवरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"पायानं ढेकूळ उडवायचं होतं. खांब का पाडला?"

देवरावांनी वही उघडली.

"इथे आधी टेकाड होतं की खड्डा, हे मी कशावरून लिहू?"

"छत्तीस गोदी खोदल्या, सायेब. साऱ्या कॅम्पाले इचारा."

"खोदल्या असतील. टेपला दिसत नाहीत." वही मिटून ते म्हणाले, "आता नवी साक्षी सोडा. आणखी आठ गोदी खाली जा. पाणी भरायच्या आत भरल्या, तर लिहीन. तीन बाजूंचा दगड मात्र आता पाठवतो."

खाली कडक मुरूम होता. वरच्या मातीत जोडप्याची एक गोदी एका दिवसात निघते. इथं कुदळ ठणकन वाजून परत येई. पहिल्या दिवशी नऊजण आलो, तिसऱ्या दिवशी चार. आठवड्यानंतर शालिकराम, मैनाबाई आणि धोंडबा एवढेच राहिले. धोंडबा एक दिवस चुकला नाही. मी एक दिवसाआड गेलो. दिवसभर प्लांटवर तेच काम करून पहाटे पुन्हा तेच करायला हात उठत नाहीत.

शालिकरामही थकला होता. जेवताना घास हातात धरून झोपायचा.

"उद्या नोका जाऊ," मैनाबाई म्हणाली.

"साक्षी म्या तोडली."

"तुमी तोडली, पन टोपली माह्या डोक्यावर हाय."

दुसऱ्या दिवशी तीच आधी उठली.

साडेपाच गोदी झाल्या आणि तळ्यात पावसाचं पाणी भरलं. दगड तीन बाजूंना लागला. चौथी तशीच राहिली. पहिल्याच महिन्यात गयाबाई घागरीसकट घसरली. मनगट मोडलं. शालिकरामनं आणखी तिघांच्या मदतीनं तिला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं. वाटेत ती कण्हत कण्हत म्हणाली, "चांगला पंच हायेस बाप्पा. बैलं दगडावून उतरतेत अन् आमी चिखलातून."

त्यानं खाट दुसऱ्या खांद्यावर घेतली.

पुढच्या निवडणुकीत केवलराम उभा राहिला. शालिकरामसाठी अकरा हात वर झाले. गयाबाईचा एकच हात चालत होता. तो खालीच होता. शालिकराम घरी आला, पाणी प्याला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी तो सूर्य उगवेपर्यंत उठला नाही, असं मैनाबाई सांगायची.

एकसष्टला तो प्लांटमध्ये खलाशी म्हणून पक्का झाला. जड लोखंड उचलायचं, चढवायचं, जागेवर बसवायचं काम. त्रेसष्टला सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं. घरात नळ होता. मैनाबाईनं पहिल्या दिवशी बादली भरली, मग दुसरी भरली. मग भरायला काही उरलं नाही म्हणून नुसती पाहत बसली.

गावी भंडाऱ्याकडे घर बांधायचं म्हणून तो पक्का झाल्यापासून पगारातून मागं टाकत होता. एका रविवारी दोघं कॅम्पात लग्नाला गेली. येताना तलावावरून आली. बायांच्या बाजूला कोणीतरी पोती टाकली होती. पोत्यांवर पाय देऊन गयाबाई बसत बसत उतरत होती. डाव्या हातानं घागर धरली होती. उजवं मनगट वाकडंच बसलं होतं.

घरी आल्यावर मैनाबाई म्हणाली, "घराचं पाहू मंग."

"मंग म्हंजे कवा?"

"मले का मालूम? आपल्याले नळ हाय."

चौसष्ट आणि पासष्टच्या उन्हाळ्यात, तलाव आटल्यावर, त्यानं बायांच्या घाटाचं काम काढलं. सुट्टीच्या दिवशी आणि पाळीच्या आधी. धोंडबा आला. या वेळी मी रोज गेलो. बाजू पुन्हा खणून उतार कमी केला. मोजायला कोणी येणार नव्हतं, तरी शालिकरामनं मधे साक्षी सोडली होती. शेवटची पायरी बसली तेव्हा ती साक्षी त्यानं धोंडबाला काढायला सांगितली.

पाणी भरल्यावर गयाबाई घागर घेऊन आली. पहिल्या पायरीवर तिनं पाय दाबून पाहिला. दुसरीवरही दाबला. तिसरीनंतर नुसती उतरत गेली.

भंडाऱ्याकडचं घर झालं नाही. खलाशाच्या चार वर्षांच्या पगारातून जे मागं पडलं होतं, त्यात दोन ट्रक दगड, एक ट्रक चुना-मुरूम आणि पाथरवटाची मजुरी भागली. पायऱ्या अकरा.